मिग-२१, एकास बहात्तर

प्लास्टिकचं छोटं विमान जोडायच्या किटचा डबा उघडला की बहुतेक जण आधी डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा, कागद बघतात. मी गेट बघतो. वितळलेलं प्लास्टिक साच्याच्या पोकळीत ज्या बारीक तोंडातून शिरतं, ती जागा. गेट कुठे काढलाय, किती जाड ठेवलाय, तोडल्यावर त्याचा डाग दर्शनी बाजूला राहणार की आत लपणार, एवढ्यावरून डाय, म्हणजे साचा, बनवणारा विचार करणारा होता की उरकून टाकणारा, ते समजतं.

सवय धंद्याची आहे. जळगावच्या एमआयडीसीत ठिबकचे जॉइनर, टेकऑफ, एंड कॅप असली बारीकसारीक फिटिंग्ज बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मी डाय मेंटेनन्स बघतो. मशीनमधून पडलेला गरम तुकडा उचलायचा, नखाने कड चाचपायची, उजेडात धरायचा आणि ऑपरेटरला सांगायचं, प्रेशर बघ, नाहीतर डाय उतरव. घरी आल्यावरही तेच करतो, फक्त तुकडा विमानाचा असतो. बायको म्हणते, तुमचा ओव्हरटाइम घरी असतो आणि तोही बिनपगारी.

या वेळचा किट मिग-२१ या लढाऊ विमानाच्या बिस प्रकारचा, एकास बहात्तर मापाचा. तो घ्यायचं कारण अमळनेरचे मामा. मामा आयटीआय करून सत्तरच्या दशकात नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात, फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मिग-२१ चं काम तेव्हा तीन ठिकाणी वाटलेलं होतं. इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला. सुरुवातीला रशियातून सुटे भाग यायचे आणि ते इथे जोडले जायचे. पुढे १९७० मध्ये कच्च्या मालापासून पूर्ण इथेच बनवलेलं एफएल प्रकारचं पहिलं विमान हवाई दलाला मिळालं. एफएलनंतर एम, आणि मग बिस. तिथले लोक ही नावं फारशी घेत नसत. ते टाइप ७७, टाइप ९६, टाइप ७५ म्हणत, आणि मामा अजूनही तसंच म्हणतात. बिसचं काम चालू असताना ते फायनल असेंब्लीत होते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला. १९६३ मध्ये पहिली स्क्वाड्रन जिथे उभी राहिली त्याच गावी. मामी सांगत होती, त्या दिवशी मामांनी सकाळपासून टीव्ही लावला आणि कोणाला चॅनल बदलू दिलं नाही. निवेदक "उडता ताबूत", म्हणजे उडती शवपेटी, म्हणाला की हे आवाज बंद करायचे आणि तो दुसऱ्या विषयावर गेला की परत चालू. अपघात झाले, खूप झाले, मामा ते नाकारत नाहीत. लहानसा, पातळ पंख असल्यामुळे हे विमान ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीला टेकतं, आणि आपल्याकडे कितीतरी वर्षं पोरं साध्या ट्रेनरवरून थेट याच्यावर बसत होती. त्यांचं म्हणणं इतकंच की बासष्ट वर्षं वापरलेल्या यंत्राला दोन शब्दांत गुंडाळू नये. त्याच आठवड्यात मी किट मागवला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. साचा जुना आहे आणि आज त्यांच्याकडे कदाचित याहून बरे साचे असतील. डबा मस्त. चित्रात विमान ढगातून बाहेर पडतंय, मागे आफ्टरबर्नर पेटलाय. आत राखाडी प्लास्टिकच्या तीन फ्रेम, एक पारदर्शक फ्रेम, डेकल आणि घडी घातलेला माहितीचा कागद.

पहिली तक्रार फ्लॅशची. डायचे दोन भाग जिथे मिळतात त्या रेषेतून प्लास्टिक पापुद्र्यासारखं बाहेर येतं, तो फ्लॅश. नव्या डायला तो सहसा येत नाही. हजारो वेळा उघडझाप झाली की कडा झिजतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची दोन-तीन घरं फट पडते आणि पातळ प्लास्टिकला तेवढी वाट पुरते. या किटमध्ये चाकांच्या झाकणांना आणि क्षेपणास्त्रांच्या पंखांना भरपूर फ्लॅश होता, मुख्य पंखांना जवळजवळ नव्हता. म्हणजे मोठ्या भागांची डाय कधीतरी दुरुस्त केलेली आहे आणि बारीक भागांची तशीच चालवली आहे. आमच्याकडेही असंच होतं. ज्या फिटिंगची ऑर्डर मोठी, तिची डाय आधी पॉलिशला जाते.

दुसरी तक्रार सिंक मार्कची. पॉलिस्टायरिन थंड होताना साधारण अर्धा टक्का आक्रसतं. आमचं पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, याच्या दुपटी-तिपटीने आक्रसतं, तरी आम्ही ते सांभाळतो, कारण भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवतो. इथे सांगाड्याच्या आत जोडणीच्या जाड खुंट्या आहेत. त्या खुंट्यांमागे प्लास्टिक जास्त, म्हणून ते उशिरा थंड होतं आणि बाहेरचा पृष्ठभाग आत ओढून घेतं. परिणाम असा की विमानाच्या दोन्ही बाजूंना हलके खळगे. कोरडं असताना दिसत नाहीत, रंग बसला की उजेडात लगेच दिसतात. कूलिंग टाइम चार सेकंद वाढवला असता तर निम्मे गेले असते, पण चार सेकंदांत दिवसाचं उत्पादन किती खाली येतं ते मी मालकाकडून ऐकलेलं आहे. म्हणून फार रागावलो नाही.

इजेक्टर पिनचे गोल डाग मात्र माफ करण्यासारखे नाहीत. तुकडा डायमधून ढकलून काढायला पिना लागतात, मान्य. पण त्या चाकाच्या खणात मधोमध काढायच्या? तिथे बोट जात नाही, पॉलिश पेपर जात नाही. काडीच्या टोकाला पेपरची चकती चिकटवून घासत बसावं लागलं.

एका बाबतीत लोक किटला उगाच दोष देतात, तेही सांगतो. सांगाड्याचे दोन अर्धे, डावा आणि उजवा. पत्र्यांच्या सांध्याच्या कोरीव रेषा बाजूला ठसठशीत आहेत आणि पाठीवर, पोटावर जोडाजवळ येता येता पुसट होतात. हा निष्काळजीपणा नाही. डाय सरळ रेषेत उघडते. जोडाजवळ पृष्ठभाग त्या उघडण्याच्या दिशेलाच समांतर होतो, तिथे खोल रेष कोरली तर तुकडा डायमध्ये अडकेल आणि निघताना ओरखडा घेऊन निघेल. साइड कोअर, म्हणजे डायमध्ये बाजूने सरकणारा वेगळा भाग, लावून यावर तोड निघते, महागडे नवे किट तसं करतात. या किमतीत ती अपेक्षा चुकीची. पुसट रेषा जोड घासून झाल्यावर सुईने पुन्हा कोराव्याच लागतात.

आता चिकटवण्याबद्दल. मला कारखान्यातली पोरं विचारतात की फेविक्विकने का नाही चिकटवत. फेविक्विक दोन तुकड्यांमध्ये बसतं आणि वाळून कडक होतं, बस. पॉलिस्टायरिनचा खरा गोंद म्हणजे पातळ द्रावक. तो दोन्ही कडा विरघळवतो, कडा एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि जोड अखंड प्लास्टिकचा होतो. पीपीला हे द्रावक काही करत नाहीत, म्हणून तर आमचं फिटिंग खताच्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. पीव्हीसी पाइपाचं सोल्युशन घरात पडलेलं असेल, त्याच्या नादी लागू नका. ते घट्ट असतं, हवं तिथे थांबत नाही आणि पातळ तुकड्याचा आकारच घालवतं. गोंदाचा ब्रश जोडाला नुसता टेकवायचा, द्रव आपोआप फटीत ओढला जातो. मग दोन्ही अर्धे किंचित दाबायचे, म्हणजे मऊ प्लास्टिकची बारीक कड जोडातून वर येते. ती पूर्ण कडक होऊ द्यायची, पातं आडवं धरून खरवडायची, आणि बऱ्याच ठिकाणी फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची गरजच उरत नाही.

लांबी लागली ती पंखाच्या मुळाशी, डावीकडे. उजवा पंख नीट बसला, डाव्याला अर्धा मिलिमीटर फट. गाड्या रंगवणारे वापरतात तीच लांबी मी वापरतो. अजिंठा चौफुलीकडच्या एका गॅरेजमधून झाकणभर आणतो, पैसे घेत नाहीत, फक्त "विमान दाखवा मग" म्हणतात. ती एकदम जाड भरायची नाही, खाली प्लास्टिक मऊ पडतं. पातळ थर, वाळू द्यायचा, परत पातळ थर. मग वॉटर पेपर चारशे, सहाशे, हजार.

नाकात वजन घालायचं हे कागदावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते ठळक छापायला हवं होतं. मिग-२१ ची मुख्य चाकं पुढे आणि प्लास्टिकचं सगळं वजन मागे, त्यामुळे रिकामं मॉडेल शेपटीवर बसतं. खऱ्या विमानात पुढे रडार, बॅटऱ्या, वैमानिकाचं आसन असा ऐवज असतो. मी सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते बांधले, मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवली आणि नाकावर शिशाचे गोळे ठेवत गेलो. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते गोळे. नाक खाली टेकलं, त्यात आणखी दोन गोळे घातले आणि सगळे नाकाच्या शंकूमागे फेविकॉलमध्ये बसवले. एकदा सांगाडा बंद झाला की आत काही घालता येत नाही.

कॉकपिटबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. रशियन विमानांच्या कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग प्रसिद्ध आहे, मी तीन बाटल्या मिसळून जवळपास आणला. घड्याळांच्या जागी डेकल आहे. काच एकाच तुकड्यात, बंद स्थितीत. खरी काच उजवीकडे उघडते, ती उघडी दाखवायची तर करवतीने कापावी लागेल आणि पारदर्शक पॉलिस्टायरिन ठिसूळ असतं, म्हणून सोडून दिलं. काच फेविकॉलनेच लावायची. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, ती निघत नाही.

पौषात मामा-मामी भरीत खायला आले. बामणोदची वांगी आणली होती, गच्चीवर काट्या पेटवून भाजली. जेवण झाल्यावर मी मॉडेल पाटावर ठेवून बाहेर आणलं. तेव्हा फक्त सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा राखाडी थर, मारलेला होता. सगळं एका राखाडी रंगात, त्यामुळे आकार सगळ्यात स्पष्ट दिसतो. दाखवायला तीच वेळ चांगली.

मामांनी चष्मा पुसला, विमान उचललं नाही, पाट फिरवत फिरवत बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पाठ बारीक दिखी राह्यनी रे," म्हणाले.

मी मापं घेतली होती. पंखांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी व्हर्नियरने ९९ मिलिमीटर. खऱ्या विमानाची ७.१५ मीटर, भागिले बहात्तर, बरोबर जुळतं. मी अभिमानाने ते सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि परत पाठीवर बोट ठेवलं. बिसच्या पाठीवरचा कणा फुगीर असतो, कारण आत इंधनाची टाकी आहे. एफएलचा कणा अरुंद. किटमधला कणा दोन्हींच्या मधला कुठलातरी. मी घरातून जुनी छायाचित्रं काढून आणली, बाजूने धरून पाहिली, आणि मामांचं बरोबर होतं. डायमेकरच्या बाजूने विचार केला तर कारणही लक्षात येतं. एकाच डायमध्ये थोडे तुकडे बदलून दोन-तीन प्रकारची विमानं विकायची असतात. सांगाड्याची डाय सगळ्यात महाग, म्हणून ती एकच ठेवतात, शेपटी आणि टाक्या तेवढ्या बदलतात. धंदा म्हणून मला ते पटतं. मामांना अजिबात पटलं नाही. "मग डब्बावर बिस काबरं लिखं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग रेषांकडे वळले. या वेळी मात्र त्यांना हसू आलं. सगळ्या विमानभर सारख्या खोलीच्या रेषा. मी मोजलेलं होतं, रेष साधारण ०.२ मिलिमीटर रुंद. बहात्तरने गुणलं तर चौदा मिलिमीटरच्या वर. खऱ्या विमानाच्या दोन पत्र्यांत चौदा मिलिमीटरची फट असती तर इन्स्पेक्टरने ते शेडच्या बाहेर जाऊ दिलं नसतं. रिव्हेटचंही तेच. पाच मिलिमीटरचं डोकं या मापात ०.०७ मिलिमीटर होतं, ते डोळ्याला दिसायलाच नको. किटवाले ते खळग्यांच्या रांगा करून दाखवतात, कारण न दाखवलं तर गिऱ्हाईक म्हणतं, डिटेल नाही.

"एकच रेघ जाड पाह्यजे," मामा म्हणाले आणि पंखाच्या मागच्या कडेजवळ, सांगाड्याभोवती बोट फिरवलं. मिग-२१ चं इंजिन बाहेर काढायचं असेल तर विमान तिथे सोडवतात. बोल्ट काढायचे, नळ्या आणि वायरी सोडायच्या आणि शेपटीकडचा सगळा भाग ट्रॉलीवर घेऊन सरळ मागे ओढायचा. तो सांधा खरोखरचा उघडणारा आहे, बाकीचे नाहीत. मामांनी ते काम कितीतरी वेळा केलेलं. ट्रॉलीची उंची जराशी चुकली की भोकं जुळायची नाहीत आणि मग कोणीतरी खालून ओरडायचं, दोन सूत वर, अर्धं सूत खाली. किटमध्ये ही रेष बाकीच्यांइतकीच होती. ते गेल्यावर मी बाकीच्या रेषा सरफेसरचा आणखी एक थर देऊन जरा बुजवल्या आणि ती एक पुन्हा कोरून खोल केली. कोणत्याही परीक्षणात हा मुद्दा मी वाचलेला नाही. लोक नाकाची गोलाई मोजतात, चाकाचा व्यास मोजतात, आणि ज्या सांध्यावरून अख्खं विमान दोन तुकडे होतं तो कोणाच्या लक्षात येत नाही.

नाकातल्या शंकूबद्दलही सूचना मिळाली. मी तो पुढे सरकवून बसवायच्या बेतात होतो, डब्यावरच्या चित्रासारखा. मामा म्हणाले, उभ्या विमानाचा शंकू आत असतो. आवाजाच्या वेगाच्या वर गेल्यावर तो पुढे येतो, म्हणजे धक्क्याची लाट इंजिनाच्या तोंडाशी हवी तिथे बसते आणि आत जाणारी हवा मंदावते. चाकं खाली आणि शंकू बाहेर असं विमान त्यांनी टेस्टिंगशिवाय पाहिलेलं नाही. शंकू नुसता अडकवलेला होता, दोन मिलिमीटर आत ढकलला.

मी विचारलं, बाकी बरोबर आहे का? "माले काय इचारस," म्हणाले, "मी तं याना पोटमा जायेल शे. भाईरून मी कधी इतलं पाह्यं नही." हे खरं असावं. फायनल असेंब्लीतला माणूस दिवसाचा बराच वेळ खणात डोकं घालून असतो. त्यांना चाकाच्या खणातल्या नळ्या आठवतात, पण शेपटीवरचा तिरंगा नेमका किती मोठा असतो ते त्यांना सांगता आलं नाही.

रंगकाम मी मुद्दाम थंडीतच उरकलं. एप्रिल लागला की जळगावात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळतो. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की थेंब हवेतच अर्धा सुकतो आणि विमानावर भुकटी होऊन बसतो, हात फिरवला की खरखर लागते. कूलर लावला तर वाऱ्याबरोबर धूळ आणि पाण्याचे कण. रंग उशिरा वाळवणारा रिटार्डर घातला की जरा सुधारतं, पण डिसेंबरची सर नाही. पावसाळ्यात उलटी गत, वार्निश दमटपणाने पांढुरकं होतं. त्यामुळे आमच्याकडे मॉडेलचा सीझन दिवाळी ते होळी, केळीला थंडी लागते तेव्हा.

हवेसाठी मी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरतो, भंगारातून आणलेला. आवाज करत नाही, म्हणून रात्री चालतो. त्याला छोटी टाकी जोडली आहे. लाईट गेली तरी हातातला थर पूर्ण होण्यापुरती हवा उरते.

रंग सबंध राखाडी ठेवला, अलीकडच्या वर्षांतल्या बिससारखा. शेपटीचं टोक आणि नाकाचा शंकू गडद हिरवा. ते भाग पत्र्याचे नसतात, त्यातून रेडिओच्या लहरी जाव्या लागतात. मागे नळीभोवती उघडा धातू, जळून तांबूस-निळसर झालेला. चाकांच्या मधल्या चकत्या हिरव्या. हा शेवटचा रंग पाहून माझ्या मुलाला वाटलं मी चुकून उरलेला रंग लावला. नाही, रशियन चाकं तशीच असतात.

डेकल बुडवायला नळाचं पाणी घेऊ नका. आमच्या पाण्यात क्षार इतके की वाळल्यावर डेकलच्या कडेने पांढरी रांगोळी उमटते. आरओचं पाणी, कोमट. डेकलखाली आधी चकचकीत वार्निश हवंच, नाहीतर खाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसते. खोल रेषेवर डेकल बसत नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब, आणि मग हात लावायचा नाही. या किटचे डेकल छपाईला चांगले निघाले. केशरी, पांढरा, हिरवा यांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या नाहीत, जे स्वस्त किटमध्ये नेहमी होतं. अनुक्रमांक मात्र एकाच विमानाचा दिलाय. मामांच्या काळातला कोणता तरी नंबर लावायचा असेल तर आकडे सुटे शोधावे लागतील.

पिटो ट्यूब, म्हणजे नाकावरची ती लांब सळई, किटमध्ये प्लास्टिकची आहे आणि ती पहिल्यांदा फडकं लागलं की जाणार. मी ती टाकून दिली. मेडिकलमधून इंजेक्शनच्या दोन जाडीच्या सुया आणल्या, बारीक सुई जाड सुईत सरकवली, टोक घासून बोथट केलं. सरळ, गोल, बरोबर जाडीची सळई तयार. फक्त जागा बघा. एफएलवर ती नाकाच्या मधोमध असते, एम आणि बिसवर जराशी उजवीकडे. किटमधली खूण मधोमध आहे. कण्याची गोष्ट आठवा, तोच प्रकार. मी नवीन भोक उजवीकडे पाडलं आणि जुनं बुजवलं.

आता कोणी विचारलं, हा किट घ्यावा का? पहिला किट म्हणून नको. फ्लॅश काढताना आणि डावा पंख बसवताना नवा माणूस कंटाळेल आणि कपाटावर टाकून देईल. दोन-चार किट झाले असतील, हातात पातं आणि पेपर बसला असेल, तर घ्या, किमतीच्या मानाने पंख, शेपटी, चाकं आणि डेकल चांगले आहेत. हवाई दलातला किंवा ओझरचा कोणी घरात असेल तर त्याला दाखवण्याआधी कण्यावर लांबीचे दोन थर चढवा. मी ते केलं नाही. सिंक मार्क मी शेवटच्या खळग्यापर्यंत भरले आणि कणा तसाच सोडला. मामांचं नेमकं उलटं, खळगे त्यांना दिसलेच नाहीत.

त्यांची पुढची ऑर्डर आली आहे. टाइप ७७, एफएल, आणि तेही रंग न दिलेलं, उघड्या पत्र्याचं. या वेळी एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे पंखाची रुंदी १४९ मिलिमीटर होईल. अडचण चंदेरी रंगाची आहे. गॅरेजमधला सिल्व्हर चालत नाही. त्यातल्या चमकीचा कण समजा वीस मायक्रॉनचा धरला तरी या मापात तो जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो, आणि विमान लग्नातल्या मारुतीसारखं चमकतं. शिवाय उघड्या पत्र्याचे दोन तुकडे कधी एका छटेचे नसतात, मिश्रधातू वेगळा, जाडी वेगळी. मामांनी फोनवर कोणता भाग फिका आणि कोणता काळसर ते सांगितलंय, मी कागदावर उतरवून घेतलंय. सध्या प्लास्टिकच्या चमच्यांवर ॲल्युमिनियमच्या भुकटीचे नमुने मारतोय. हे चमचेही पॉलिस्टायरिनचेच आहेत, त्यामुळे नमुना खरा मिळतो. आतापर्यंत काळा चकचकीत थर खाली आणि वर अगदी विरळ चंदेरी, हे सगळ्यात जवळ आलंय.